मानोहाच्या स्त्रीस झालेली आज्ञा

(शास्ते, अध्याय १३ वाचावा.)



शास्त्यांच्या पुस्तकाचा तेरावा अध्याय आपण शमशोनाच्या कथेचा आरंभ म्हणून वाचतो, आणि बहुधा घाईने वाचतो. कारण आपले मन पुढल्या सिंहाकडे, कोल्ह्यांकडे व गज्जाच्या वेशीकडे धावत असते. शब्बाथशाळेतील मुलांस शमशोनाचे बळ विचारा, ती न अडखळता सांगतील. पण ज्या माउलीच्या उदरी तो वाढला तिच्याविषयी विचारा, म्हणजे ती एकमेकांकडे पाहू लागतील. तिचे नावही शास्त्रात दिलेले नाही. मानोहाची बायको, एवढीच तिची ओळख. तथापि परमेश्वराचा दूत प्रथम आला तो तिच्याकडे, आणि दुसऱ्याने आला तोही, ती शेतात एकटी बसली असता, तिच्याकडेच. तीस त्या वेळी जी आज्ञा झाली तिच्याविषयी आज आपण विचार करू.

सरा गावच्या ह्या बाईस मूल नव्हते. दूताने तीस सांगितले की ती गरोदर होऊन पुत्र प्रसवील. याकरिता तिने आतापासून द्राक्षारस व मद्य यांस शिवू नये आणि अशुद्ध पदार्थ खाऊ नयेत. ह्या आज्ञेचे कारणही तेथेच सांगितले आहे. तो मुलगा गर्भापासून परमेश्वराचा नाजीर व्हावयाचा होता, आणि नाजिराने द्राक्षवेलाचे काही सेवन करू नये असा नियम गणनेच्या सहाव्या अध्यायात आहे. हे आम्ही मुद्दाम लिहितो. हा अध्याय वैद्यकशास्त्र शिकविण्याकरिता लिहिला आहे असे आमचे म्हणणे नाही, आणि शास्त्रात जे नाही ते त्यात घालणे हे उपदेशकाचे काम नव्हे. परंतु ज्या देवाने ही आज्ञा केली त्यानेच आईचे उदर घडविले आहे. आणि त्या उदराविषयी जे ज्ञान मनुष्यांस आज प्राप्त झाले आहे, त्याच्या उजेडात हा अध्याय पुन्हा वाचला असता त्यातील प्रत्येक शब्द आपल्या घरांकरिता लिहिला असावा असे वाटू लागते.

पहिली गोष्ट ही की, ही आज्ञा केव्हा झाली ते पाहावे. ती बाई गरोदर असता झाली नाही. तीस दिवस जाण्यापूर्वीच झाली. पुष्कळ लोक समजतात की पोट दिसू लागले म्हणजे मग जपावयाचे. वैद्य सांगतात ते ह्याच्या अगदी उलट आहे. गर्भ राहिल्यापासून सुमारे तीन आठवड्यांनी बाळाचे हृदय हालू लागते. चार आठवड्यांच्या आत मेंदू व मज्जारज्जू ज्या नळीपासून होतात ती नळी मिटते. आठ आठवडे होतात तोच बहुतेक सर्व अवयवांचा पाया घातला जातो. आता आपल्या बायांची स्थिती पाहा. महिना चुकतो तेव्हाच गर्भ दोन आठवड्यांचा झालेला असतो. ऊसतोडीस किंवा वीटभट्टीवर राबणाऱ्या बाईचा महिना श्रमाने व अर्धपोटी राहण्याने मागेपुढे होतच असतो; म्हणून ती आणखी एक महिना वाट पाहते, मग सासूच्या कानावर घालते, आणि मग केव्हा तरी दवाखान्यात जाते. तोपर्यंत जे घडावयाचे ते पुष्कळसे घडून चुकलेले असते. घराचा पाया भरताना त्यात पाणी शिरू दिले आणि आढे चढविताना छपराची काळजी केली, तर त्या घराचे काय होईल हे गवंड्यास विचारावयास नको.

ह्याच कारणाने अमेरिकेच्या सरकारी आरोग्यप्रमुखाने १९८१ साली गरोदर स्त्रियांस दारूविषयी जो इशारा दिला होता, तो २००५ साली वाढवून ज्यांस दिवस जाण्याचा संभव आहे अशा स्त्रियांसही लागू केला. आणि इंग्लंड देशाच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी २०१६ साली असाच उपदेश केला की, जी गरोदर आहे व जी गरोदर होऊ इच्छिते तिने दारू मुळीच न घेणे हेच सर्वांत सुरक्षित. जी गोष्ट त्या शहाण्या देशांस इतक्या उशिरा उमगली, तिचा क्रम मानोहाच्या घरी प्रथमपासून नीट लावलेला होता: आधी प्याला खाली ठेवणे, मग गर्भधारणा. म्हणून ज्या दिवशी नवराबायको देवाजवळ लेकरू मागतात, त्याच दिवसापासून ही आज्ञा त्यांच्या घरी लागू झाली असे समजावे. मागणे मात्र करावयाचे आणि हात बाटलीवरून काढावयाचा नाही, हे मागणे नीट झाले नाही.

दुसरी गोष्ट ही की, आईचा प्याला मुलाच्या ओठांस कसा लागतो हे समजून घ्यावे. कित्येकांस वाटते की आईने घेतलेली दारू तिच्या पोटात राहते आणि मूल निराळ्या पिशवीत असते, तेव्हा त्यास काय होणार? पण पिशवी निराळी असली तरी वार व नाळ ह्यांच्या द्वारे आईच्या रक्तातील पदार्थ बाळाकडे जातात. अन्न जाते, प्राणवायू जातो, तसाच मद्यार्कही जातो. त्यास तेथे कोणी पहारेकरी अडवीत नाही. थोड्याच वेळात बाळाच्या रक्तात तो आईच्या रक्तात असेल जवळजवळ तितकाच होतो. आईचे यकृत प्रौढ आहे. ते हळूहळू त्याचा निकाल लावते. बाळाचे यकृत अजून तयार व्हावयाचे असते, म्हणून त्याच्या अंगी तो अधिक वेळ राहतो. शिवाय ज्या गर्भजलात ते तरंगते त्या पाण्यातही तो उतरतो. आई झोपून उठते, तिची धुंदी जाते, ती भाकरी थापावयास बसते. पण आत ते लेकरू अजून त्याच्याशी झगडत असते. त्यास नको म्हणता येत नाही, ओकून टाकता येत नाही, आणि रडले तर ऐकू येत नाही.

ह्याचे परिणाम काय होतात ते आम्ही स्पष्ट लिहितो. गर्भपात होतो, मूल मेलेले जन्मते, किंवा दिवस भरण्याच्या आधी जन्मते, वजनाने फार लहान भरते. कित्येकांच्या हृदयात, मूत्रपिंडांत, डोळ्यांत किंवा कानांत दोष राहतो. काही मुलांच्या चेहऱ्यावर खूण असते: डोळ्यांच्या फटी लहान, नाकाखालची पन्हळ सपाट, वरचा ओठ पातळ. परंतु सर्वांत मोठी हानी मेंदूची होते, आणि ती पुष्कळदा चेहऱ्यावर काहीच दिसत नसता होते. असे मूल शाळेत बसते, पण काल शिकलेले आज विसरते. हिशेब जमत नाही. एका जागी ठरत नाही. सांगितलेले ऐकते आणि तत्काळ उलटे करते. मोठे झाल्यावर पैशांत व संगतीत फसते. मास्तर त्यास मठ्ठ म्हणतात, बाप द्वाड म्हणतो, आणि सगळे त्यास मारतात; पण ते हट्टाने तसे वागत नसते. मेंदू नऊही महिने वाढत असतो, म्हणून ह्या हानीस कोणताही महिना वर्ज्य नाही. ही हानी औषधाने भरून येत नाही. आणि तरीही ती पूर्णपणे टाळता येण्याजोगी आहे, हे ह्या दुःखाचे विशेष होय.

हे मनुष्यांस कसे कळले? १७२६ साली लंडन शहरात जिन नावाच्या स्वस्त दारूचा पूर आला असता तेथील वैद्यांच्या मंडळाने पार्लमेंटास अर्ज केला, आणि त्यात दारुड्या मातापित्यांची मुले दुबळी व रोगट निपजतात असे सांगितले. १८९९ साली लिव्हरपूल येथील तुरुंगाचे डॉक्टर सलिव्हन ह्यांनी दारूचे व्यसन असलेल्या १२० स्त्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांस झालेल्या ६०० मुलांपैकी ३३५ मुले मेलेली जन्मली किंवा दोन वर्षांची होण्यापूर्वी वारली. त्याच डॉक्टरांस आणखी एक गोष्ट आढळली. ह्यांपैकी काही स्त्रिया गरोदरपणी कैदेत पडल्या. तेथे दारू मिळेना. आणि त्या वेळची त्यांची मुले धडधाकट निघाली. बंधुभगिनींनो, ह्यावर क्षणभर थांबून विचार करा. जे रक्षण नवऱ्याने केले नाही, शेजाऱ्यांनी केले नाही, मंडळीने केले नाही, ते तुरुंगाच्या भिंतींनी केले!

पुढे १९६८ साली फ्रान्स देशातील नांत शहरी डॉक्टर लमोआन ह्यांनी अशा १२७ मुलांचे वर्णन लिहिले. परंतु त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. १९७३ साली अमेरिकेतील सिॲटल शहरी डॉक्टर जोन्स व डॉक्टर स्मिथ ह्यांनी आठ मुले तपासली. ती परस्परांच्या नात्यातील नव्हती, तीन निरनिराळ्या वंशांतील होती, आणि तरी त्यांच्या अंगी सारख्याच खुणा होत्या. कारण सर्वांच्या आयांस दारूचे जबर व्यसन होते. तेव्हा ह्या विकारास नाव मिळाले आणि जग जागे झाले.

दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांताची गोष्ट तर आपण मजुरांनी विशेष ऐकण्यासारखी आहे. तेथील द्राक्षमळ्यांचे मालक मजुरांस मजुरीचा काही भाग द्राक्षारसाच्या रूपाने देत असत. ह्या रीतीस डॉप म्हणत. पिढ्यानपिढ्या पुरुष व बाया दिवसातून अनेक वेळा तो प्याला घेऊन राबल्या. पुढे ती रीत कायद्याने मोडली, पण लागलेली सवय कायद्याने सुटली नाही. आज त्या भागातील कित्येक गावांत पहिल्या इयत्तेत बसणाऱ्या मुलांची तपासणी केली असता शंभरांत दहांहून अधिक मुलांस हा विकार असल्याचे आढळले आहे. मालकाने दिलेली दारू मजुरास फुकट वाटली. तिची किंमत त्याची नातवंडे भरीत आहेत. आपल्याकडेही जो मुकादम शनिवारी मजुरीबरोबर बाटली पुढे करितो, तो कोणाच्या ताटातील घास उचलतो हे ह्यावरून ओळखावे.

तिसरी गोष्ट ही की, आज्ञेतील दोन शब्द पाहावे. दूताने केवळ द्राक्षारसाचे नाव घेतले नाही. द्राक्षारस आणि मद्य, असे दोन शब्द योजिले. ह्यातील दुसरा शब्द मूळ इब्री भाषेत द्राक्षांखेरीज धान्यापासून, खजुरापासून किंवा इतर कशापासून आंबवून केलेल्या मादक पेयास लावितात. म्हणजे पळवाट आधीच बंद केली आहे. आपल्या लोकांच्या पळवाटा पुष्कळ आहेत. एक म्हणतो, आमची मोहाची आहे, झाडाची आहे, तिने काय होते? दुसरा म्हणतो, ही ताडी आहे, दारू नव्हे. तिसरा शहरात राहून आलेला असतो. तो म्हणतो, बियर म्हणजे सातूचे पाणी. हिशेब करून पाहा. बियरच्या ६५० मिलिलिटरच्या मोठ्या बाटलीत, शेकडा ५ प्रमाण धरिले तर, साडेबत्तीस मिलिलिटर मद्यार्क असतो. विलायती दारूच्या ६० मिलिलिटरच्या मापात, शेकडा ४२.८ प्रमाण धरिले तर, तो सव्वीस मिलिलिटरांहून थोडा कमीच भरतो. तेव्हा सातूच्या पाण्याने त्या मापावर ताण केली. हातभट्टीच्या दारूत तो किती आहे व त्याजबरोबर आणखी काय मिसळले आहे हे तर गाळणाऱ्यासही ठाऊक नसते. नीरा ताजी असेपर्यंत ठीक. पण ती काही तासांतच आंबू लागते, आणि आंबली की ती ताडीच होय. बाळास मोहाचे झाड ओळखता येत नाही, की बाटलीवरचे नाव वाचता येत नाही. त्याजपाशी जातो तो मद्यार्क एकच.

औषधाच्या नावाने जी दारू घरात येते तिच्याविषयीही सांगितले पाहिजे. थंडीवर, अंगदुखीवर, झोपेकरिता किंवा भूक लागावी म्हणून गरोदर बाईस चमचाभर ब्रँडी देण्याची चाल काही घरी आहे. ती अगदी सोडावी. दारूने दूध वाढते असा समज आहे, तोही खोटा. उलट ती अंगावरच्या दुधातून बाळाच्या पोटात जाते. आसवे व अरिष्टे ही आंबवूनच तयार करितात, म्हणून त्यांत स्वभावतःच काही मद्यार्क असतो. ती चांगली औषधे असतील, परंतु गरोदर बाईने ती वैद्यास आपली स्थिती सांगितल्याखेरीज घेऊ नयेत. येथे कोणी म्हणेल की, पौलाने तीमथ्यास पोटाच्या विकारावर थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितले नाही काय? सांगितले, पण ते एका आजारी पुरुषास सांगितले, गरोदर स्त्रीस नव्हे. एकास दिलेले औषध दुसऱ्यास पाजणे हे शहाणपण नव्हे, मग ते शास्त्रातून उचललेले असो. आणि काना गावच्या लग्नाचे उदाहरण जे देतात त्यांस आम्ही विचारतो की, ज्या प्रभूने लहान लेकरांस आपणापाशी येऊ द्या म्हटले, तो त्यांच्या वाटेत ही अडचण घालील काय? थोडी घेतली तर चालेल काय, ह्याचे उत्तर जगातील वैद्य आज एकच देतात: गरोदरपणी इतकी घेतली तर निर्भय, असे कोणतेही माप सापडलेले नाही.

चौथी गोष्ट मानोहाविषयी आहे, आणि ती आम्ही पुरुषांकरिता लिहितो. बायकोने ही वार्ता आणिली तेव्हा मानोहाने तीस हसून टाकले नाही. ही तुझी बायकांची गोष्ट, तू पाहून घे, असेही म्हटले नाही. त्याने प्रार्थना केली की, त्या देवाच्या माणसाने पुन्हा यावे आणि होणाऱ्या मुलाविषयी आम्ही काय करावे हे आम्हांस शिकवावे. आम्ही काय करावे, असे तो म्हणाला. आणि दूत आला तेव्हा त्याने मुलाच्या रीतीविषयी विचारले. उत्तर काय मिळाले? मुलास कोणती शाळा, कोणता धंदा, ह्याविषयी चकार शब्द नाही. जे स्त्रीस सांगितले होते तेच पुन्हा सांगितले, की तिने ह्या सर्वांपासून जपावे. बापाने मुलाच्या संगोपनाविषयी विचारले आणि उत्तर आईच्या प्याल्याविषयी आले. संगोपनाचा आरंभ पाळण्यापासून होत नाही, ह्याहून स्पष्ट कसे सांगावे?

परंतु ती आज्ञा मानोहाच्या तोंडावर का सांगितली? आमच्या मते, ती पाळणे एकट्या बाईच्या हाती नव्हते म्हणून. सरकारने २०१९ ते २०२१ ह्या काळात घरोघर जी आरोग्याची पाहणी केली तीत, पंधरा वर्षांवरील वयाच्या पुरुषांत शेकडा १८.८ जण दारू घेणारे आढळले आणि स्त्रियांत शेकडा १.३. ह्यावरून कोणी म्हणेल की आपल्या बाया पीतच नाहीत, तेव्हा हा उपदेश कशाला? ही साऱ्या देशाची सरासरी आहे. त्याच पाहणीत अरुणाचल प्रदेशातील स्त्रियांत हे प्रमाण शेकडा २४ च्या सुमारास होते. जेथे मोहाची भट्टी अंगणात आहे आणि सणावारी सर्वांनी मिळून घेण्याची रीत आहे, तेथील उपदेशकांस सरासरी सांगून उपयोग नाही. आणि ज्या बाया घेतात त्यांतील पुष्कळजणी ते दडवितात. पण ह्या दोन आकड्यांचा दुसरा अर्थ असा की, बाटली घरात येते ती बहुतेक पुरुषाच्या हाताने येते. तोच दिवसभर थकलेल्या बायकोपुढे ती सरकवितो. एकट्याने पिण्याची लाज वाटते म्हणून तीस सोबतीला बसवितो. तिने नाकारले तर हात उगारितो. मग मूल अधू निघाले म्हणजे तीस दोष देणारा पहिला तोच!

पुरुषहो, बायकोचे डोहाळे पुरविण्यास तुम्ही बाजारातून चिंच व कैरी आणिता. तर नऊ महिने आणि त्याआधीचे काही महिने घरात बाटली न आणण्याइतके तुमच्याने होणार नाही काय? डोहाळजेवणाच्या दिवशी आत ओटी भरली जात असता बाहेर मांडवामागे पुरुष पीत बसतात. हे दृश्य ख्रिस्ती घरी शोभत नाही. शिवाय वैद्य असेही सांगतात की जबर पिण्याने पुरुषाचे बीजही बिघडते. आणि ते तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. तेव्हा बापाचे जपणे हेही आधीपासूनच सुरू झाले पाहिजे. जी आज्ञा बायकोने पाळावी अशी तुमची इच्छा आहे ती प्रथम आपण पाळा. मग तीस शब्दाने सांगण्याचे काम पडणार नाही.

पाचवी व शेवटली गोष्ट आम्ही जपून लिहितो. ह्या ओळी वाचणाऱ्यांत किंवा ऐकणाऱ्यांत अशी एखादी बहीण असेल की जी दोन महिन्यांची गरोदर आहे आणि जिने कालच दारू घेतली आहे. अशीही असेल की जिचे मूल शिकत नाही, आणि हे ऐकून तिच्या छातीत धस्स झाले आहे. तीस आम्ही काय म्हणावे? शिलो येथील मंदिरात हन्ना मुलाकरिता रडून प्रार्थना करीत होती. तिचे ओठ तेवढे हालत होते. एली याजकाने तीस पाहिले आणि ती प्यालेली आहे असे समजून तीस झिडकारले. तिने नम्रतेने सांगितले की, मी द्राक्षारस किंवा मद्य घेतलेले नाही, दुःखी आहे म्हणून परमेश्वरापुढे मन मोकळे करीत आहे. एलीस आपली चूक उमगली व त्याने तीस आशीर्वाद देऊन शांतीने पाठविले. उपदेशकांनो व बायबल-बायांनो, आपण पहिल्या एलीसारखे होऊ नये, दुसऱ्या एलीसारखे व्हावे. प्रत्येक लहानखुऱ्या किंवा मंद मुलाच्या आईकडे बोट दाखवू नये. मुलांत असे दोष दुसऱ्या अनेक कारणांनीही येतात. जन्मांधाविषयी शिष्यांनी प्रभूस विचारले की पाप कोणाचे, तेव्हा त्याने दोष वाटून दिला नाही. त्याने त्या मनुष्याचे डोळे उघडले.

तर बहिणी, जे झाले त्याचा हिशेब देवापुढे ठेव आणि आज थांब. चवथ्या महिन्यात थांबणे आठव्यापेक्षा बरे, आणि आठव्यात थांबणे हेही न थांबण्यापेक्षा पुष्कळ बरे. कारण बाळाचा मेंदू अजून वाढत आहे. दवाखान्यात जाऊन खरे ते सांग. आशाताईस किंवा दाईस सांग. लाजेने झाकू नकोस, कारण वैद्यास खोटे सांगितल्याने बाळाचे नुकसान होते. मात्र जिला रोजची व पुष्कळ घेण्याची सवय आहे तिने एकाएकी घरच्या घरी सोडू नये. अशाने थरकाप सुटतो, भ्रम होतो, झटकेही येतात, व त्यात आई व बाळ दोघांसही धोका असतो. तिने वैद्याच्या देखरेखीखाली सोडावी. व्यसनमुक्तीकरिता सरकारचा १४४४६ हा फुकट फोन आहे. घरचे कोणी ऐकत नसेल तर तेथे ऐकणारे आहेत. आणि ज्या आईचे मूल अधू आहे तिनेही निराश होऊ नये. त्यास मारू नये. थोडे थोडे, पुन्हा पुन्हा, एका वेळी एकच गोष्ट शिकवावी. दिवसाचा क्रम रोज सारखा ठेवावा. डॉक्टरांस व मास्तरांस दाखवावे. अशी मुले प्रेमाच्या व शिस्तीच्या घरी पुष्कळ सुधारतात.

मंडळीने काय करावे? लग्नाची चिठ्ठी वाचण्यापूर्वी पाळकाने वधूवरांस जवळ बसवून ही गोष्ट दोघांस एकत्र सांगावी. ती बारशाच्या दिवशी सांगून उपयोग नाही. वडील बायांनी नव्या सुनांस आपल्या शब्दांनी समजवावे. ज्या घरी बाई गरोदर आहे त्या घराच्या शेजाऱ्यांनी आपली बाटली त्या अंगणात नेऊ नये. आणि जी बाई दारूकरिता मार खाते तीस मंडळीचे दार रात्रीही उघडे असावे. केवळ प्रार्थनेचे आश्वासन देऊन तीस परत त्याच घरी पाठवू नये. १९९३ साली गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी झाली ती लोकांनी, विशेषतः बायांनी, एकवटून मागितल्याने झाली, हे सर्वांस ठाऊक आहे. कायदा मिळविण्यास पुष्कळ वर्षे लागतात. पण एका गावच्या मंडळीने आपल्या गरोदर लेकीसुनांभोवती कुंपण घालण्यास सरकारची परवानगी लागत नाही.

मानोहाच्या स्त्रीने आज्ञा ऐकिली आणि जाऊन नवऱ्यास सांगितली. नवऱ्याने ती आपली मानिली. आणि वेळेवर त्या घरी मूल जन्मास आले, ते वाढले, व परमेश्वराने त्यास आशीर्वाद दिला असे शास्त्र सांगते. पुढे शमशोनाने स्वतः काय केले ह्याचा जाब त्याच्याकडे आहे. मोठेपणी तो भलत्या वाटेने गेला. पण आपणास दिलेले बळ त्याने स्वतः दवडले, आईने ते जन्मापूर्वी हिरावून घेतले नव्हते. प्रत्येक लेकरास इतके तरी मिळाले पाहिजे. त्याच्या जन्मापूर्वीची ती थोडी महिने आपल्या हाती दिलेली आहेत. त्यांत जे होईल त्याचा जाब आपण देऊ.

हे प्रभो, ज्या घरी लेकराची वाट पाहत आहेत त्या घरी तू जा. आईस धीर दे, बापास लाज व शहाणपण दे, आणि जे अजून जन्मले नाही त्याचे रक्षण आमच्याकडून करून घे. आमेन.